अंगावरचें पित्त आणि विलायती मीठ

ज्या घरांत एखाद्याच्या अंगावर वारंवार पित्त उठतें, त्या घरांत वैद्यकाचा सगळा इतिहास एका छपराखालीं नांदत असतो. आजी आमसुलें भिजत घालून त्यांचा कोळ अंगाला चोळते; कोणी गेरू लावावयास सांगतो; कोणी वांगें व अंडीं सोडावयास लावतो; डॉक्टर हिस्टामीनविरोधी गोळी लिहून देतात. हल्लीं या मंडळींत आणखी एकाची भर पडली आहे. शेजारचें कोणीतरी मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली घेऊन येतें आणि आपल्या भावजयीचें दोन वर्षांचें पित्त या गोळ्यांनीं तीन आठवड्यांत गेलें, असें शपथेवर सांगतें. सांगणारा लबाड नसतो. भावजयीचें पित्त खरोखरच गेलेलें असतें. प्रश्न एवढाच उरतो कीं, तें कोणी घालविलें?

ज्याला हा रोग नाहीं त्याला तो क्षुल्लक वाटतो. यानें सहसा कोणी मरत नाहीं. परंतु रात्रीं दोन वाजतां उठून दंडाला व पोटऱ्यांना थंड पाण्याच्या पट्ट्या लावीत बसणें, आणि हें महिनोन् महिने करणें, म्हणजे काय, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या पित्ताला वैद्यकांत जीर्ण म्हणतात. त्याची एक खोड अशी कीं, उठलेली गांधी बहुधा एका दिवसाच्या आंत मागमूस न ठेवतां मावळते व दुसरी भलतीकडेच उठते. रोगी डॉक्टरांच्या दारांत पोंचतो तेव्हां पुष्कळदां त्याचें अंग स्वच्छ असतें आणि त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखें होतें. दुसरी खोड अशी कीं, हा रोग जसा न सांगतां येतो तसाच न सांगतां जातो. अनेकांचा वर्षा-दोन वर्षांत मावळतो, कांहींचा दहा वर्षेंही रेंगाळतो. ही दुसरी खोड वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व इतिहासांत ती पडद्यामागें उभी आहे.

आपल्या भाषेनें या रोगाला पित्त म्हटलें, यानें मोठा घोटाळा करून ठेवला आहे. छातींत जळजळतें तेंही पित्त आणि अंगावर उठतें तेंही पित्त. तेव्हां दोहोंचें औषध एकच, असें समजून आम्लनाशक घेणारीं माणसें आपल्यांत विपुल आहेत. जुन्या आयुर्वेदाचा याबाबतींत दोष नाहीं. सुमारें सातव्या-आठव्या शतकांतील माधवकराच्या निदानग्रंथांत शीतपित्त, उदर्द व कोठ यांचें वेगळें प्रकरण आहे. गार वाऱ्याच्या स्पर्शानें कफ व वायु बिघडतात, ते पित्ताशीं मिळतात, आणि गांधीलमाशी डसावी तशी सूज अंगावर उठते, असें तेथें वर्णन आहे. थंडीनें उठणारें पित्त आजचें वैद्यकही निराळें ओळखतें. माधवकराचें निरीक्षण किती बारीक होतें, तें यावरून दिसेल. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेंतील ग्रंथकारांनीं या गांधींस चिडवणाऱ्या झुडपाची उपमा दिली. हिमालयांत जिला बिच्छूघास म्हणतात तिच्याच कुळांतलें तें झुडूप. त्याच्या लॅटिन नांवावरूनच युरोपांत या रोगाला अर्टिकेरिया हें नांव पडलें. एमेलिन व फेल्डबर्ग यांनीं १९४७ सालीं त्या झुडपाच्या कुसांतील विष तपासलें, तेव्हां त्यांत हिस्टामीन सांपडलें. आणि हिस्टामीन हेंच पित्ताच्या गांधी उठविणारें प्रमुख द्रव्य होय. दोन हजार वर्षांपूर्वींची उपमा रसायनशाळेंत खरी ठरावी, असे प्रसंग विरळा.

आतां बाटलींतील पदार्थाकडे वळूं. इंग्लंडांत लंडनच्या दक्षिणेस एप्सम नांवाचें गांव आहे. १६१८ सालच्या उन्हाळ्यांत हेन्री विकर नांवाच्या गुराख्यास तेथें एक डबकें आढळलें. गुरें तहानेनें व्याकुळ असूनही तें पाणी पीत ना, अशी कथा आहे. पाणी कडू होतें व तें प्यायल्यानें पोट साफ होई. एवढ्या भांडवलावर एप्सम हें तीर्थक्षेत्र बनलें. रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस हा १६६७ सालीं तेथें गेला आणि सकाळींच चार पाइंट पाणी प्याल्याचें त्यानें नोंदून ठेवलें. रॉयल सोसायटीचा एकेकाळचा चिटणीस नेहेमाया ग्रू यानें त्या पाण्यांतील कडू क्षार वेगळा काढून त्यावर १६९५ सालीं एक लॅटिन प्रबंध लिहिला, व १६९८ सालीं त्या क्षाराचें एकाधिकारपत्र, म्हणजे पेटंट, मिळविलें. पण मोल्ट नांवाच्या बंधूंनीं तोच क्षार दुसऱ्या पाण्यांतून काढून स्वस्त विकला आणि ग्रूची हक्काची मिळकत पाण्यांत गेली. आपल्या वाडवडिलांनीं विलायती मीठ म्हणून जें जुलाबासाठीं घेतलें तें हेंच. रसायनशास्त्राच्या भाषेंत तें मॅग्नेशियम सल्फेट होय.

या क्षारांत चुन्याहून निराळें असें एक द्रव्य आहे, हें मात्र बरीच वर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. मॅग्नेशिया नांवाची पांढरी भुकटी बाजारांत मिळे. पण ती चुन्याचाच एक प्रकार, अशी समजूत होती. दोहोंस वेगळें केलें तें जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश तरुणानें. १७५४ सालीं एडिंबरो येथें वैद्यकाच्या पदवीसाठीं त्यानें प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आम्लपित्त व मॅग्नेशिया. चुन्यावर गंधकाम्ल घातलें कीं पाण्यांत जवळजवळ न विरघळणारें जिप्सम होतें; मॅग्नेशियावर तेंच आम्ल घातलें कीं पाण्यांत सहज विरघळणारें कडू मीठ होतें. तेव्हां हीं दोन भावंडें असलीं तरी एक नव्हेत. ब्लॅकचा गुरु विल्यम कलेन. ग्लासगो येथें ब्लॅक त्याच्या हाताखालीं रसायन शिकला. आणि याच कलेनच्या १७६९ सालच्या रोगवर्गीकरणांत अर्टिकेरिया हें नांव आढळतें व तेथून तें रूढ झालें. म्हणजे रोगाला नांव देणारा गुरु आणि औषधाला वेगळेपण देणारा शिष्य, हे दोघे एकाच प्रयोगशाळेंत वावरले. मात्र एकाचा रोग व दुसऱ्याचें औषध यांची गांठ घालावी, असें दोघांपैकीं कोणाच्याही मनांत आलें नसावें.

गांठ पडली ती जुलाबाच्या वाटेनें. एकोणिसाव्या शतकांतले डॉक्टर पित्ताचें मूळ पोटांत आहे असें धरून चालत व रोग्यास क्षारांचा रेच देत. त्या क्षारांत एप्समचें मीठ असेच. यामागें मॅग्नेशियमचा कांहीं विशेष गुण गृहीत नव्हता. रेच झाला म्हणजे पुरे. हम्फ्री डेव्ही यानें १८०८ सालीं विजेच्या साहाय्यानें या मूलद्रव्याला त्याच्या क्षारांतून मोकळें केलें, ही रसायनशास्त्रांतली मोठी गोष्ट. पण तिनें पित्ताच्या रोग्याच्या आयुष्यांत तिळमात्र फरक पडला नाहीं.

खरें नाटक पुढेंच आहे, आणि त्यांतला पहिला नायक मॅग्नेशियम नसून त्याचा भाऊ चुना आहे. १८९६ सालीं आल्मरॉथ राइट या इंग्रज लष्करी वैद्यकशाळेंतील प्राध्यापकानें 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत एक लेख लिहिला. त्याची उपपत्ति अशी : ज्या माणसाचें रक्त लवकर गोठत नाहीं त्याच्या रक्तवाहिन्यांतून रक्तांतील पातळ रस कातडींत झिरपतो, आणि तीच गांधी. रक्त गोठण्यास कॅल्शियम लागतें, हें नुकतेंच सिद्ध झालें होतें. तेव्हां रोग्यास कॅल्शियम क्लोराइड द्यावें. रक्त दाट होईल, झिरपणें थांबेल, पित्त जाईल. त्यानें तें दिलें आणि रोगी बरे झाले. हा राइट म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. विषमज्वराची लस प्रचारांत आणण्यांत त्याचा मोठा वांटा होता. १८९८ च्या सुमारास प्लेगची चौकशी करण्यासाठीं जें कमिशन हिंदुस्थानांत आलें, त्याचा तो सभासद होता. मुंबईंत हाफकिननें चालविलेल्या लसीच्या कार्याची तपासणी त्या कमिशननें केली, हें आपल्याकडील जुन्या पिढीस चांगलें ठाऊक होतें. बर्नार्ड शॉ यानें १९०६ सालच्या 'डॉक्टर्स डिलेमा' या नाटकांतला नामांकित डॉक्टर याच राइटवरून उभा केला. असा माणूस बोलला म्हणजे जगानें ऐकावें, हें ओघानेंच आलें.

जगानें ऐकलेंही. पुढें जवळजवळ अर्धें शतक पित्तावर कॅल्शियम हा सर्वमान्य उपचार होता. तें प्रथम पोटांत देत, नंतर शिरेंतून टोंचूं लागले. शिरेंत टोंचतांना सर्वांगाला एकदम ऊब येते, आणि ती ऊब म्हणजे औषध भिनल्याची खूण, असें रोग्यास वाटे. आपल्याकडेही तें इंजेक्शन पुष्कळ वर्षें चाललें. घराघरांतील वडील मंडळी त्या उबेची आठवण सांगत. गंमत ही कीं, राइटची मूळ उपपत्ति तोंपर्यंत केव्हांच मागें पडली होती. पित्ताच्या रोग्याचें रक्त इतरांच्या रक्तासारखेंच गोठतें. उपपत्ति गेली तरी उपचार राहिला, कारण रोगी बरे होतच होते.

दरम्यान गांधी कशी उठते याचा उलगडा निराळ्या मार्गानें होत होता. हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनीं १९१० सालीं हिस्टामीनचे गुणधर्म वर्णिले. टॉमस लुइस हा लंडनचा हृदयरोगतज्ज्ञ. त्यानें माणसाच्या कातडीवर बोथट टोंकानें रेघा ओढून पाहण्याचा नाद घेतला. रेघेवर प्रथम लाली येते, मग भोंवतीं लाल वलय पसरतें, मग रेघ फुगते. हा तिहेरी प्रकार हिस्टामीन टोंचल्यानें जसाच्या तसा होतो, हें त्यानें दाखविलें. त्याचा ग्रंथ १९२७ सालीं निघाला. शिस्तीचा माणूस असल्यामुळें, कातडींतून सुटणारा पदार्थ हिस्टामीनच आहे असें त्यानें छातीठोकपणें लिहिलें नाहीं. त्यास तो नुसतें 'एच-द्रव्य' म्हणे. हें द्रव्य कोठें सांठतें, तें पुढें १९५३ सालीं रायली व वेस्ट यांनीं दाखविलें. एर्लिक यानें विद्यार्थी असतांना रंग देऊन ज्या कणीदार पेशी ओळखल्या होत्या, आणि ज्यांना त्यानें चांगल्या पोसलेल्या समजून 'मास्ट' हें नांव दिलें होतें, त्याच त्या कोठ्या. त्याआधींच, १९३७ सालीं, पॅरिस येथें बोव्हे व श्टाउब यांनीं हिस्टामीनला अडविणारें पहिलें रसायन शोधलें होतें, आणि दुसरें महायुद्ध संपतांच तशीं औषधें बाजारांत आलीं. कॅल्शियमचें इंजेक्शन त्यानंतर हळूहळू दिसेनासें झालें. तें खोटें आहे असें कोणी सिद्ध केलें म्हणून तें गेलें नाहीं. दुसरें हाताशीं आलें म्हणून गेलें.

पित्त या शब्दाच्या घोटाळ्याविषयीं वर लिहिलें. त्यास एक पुरवणी जोडावीशी वाटते. पोपिएल्स्की या पोलिश शास्त्रज्ञानें १९१६ मध्यें केलेला व १९२० मध्यें प्रसिद्ध झालेला प्रयोग असा कीं, कुत्र्यास हिस्टामीन टोंचलें असतां त्याच्या जठरांत आम्ल पाझरूं लागतें. कातडीवरचें पित्त आणि पोटांतलें पित्त यांच्या मागें एकच द्रव्य असूं शकतें, हें पाहून आपल्या भाषेवरचा राग थोडा कमी होतो.

आतां मॅग्नेशियम रंगभूमीवर येतें. हें द्रव्य प्राण्यांस अवश्य लागतें, हें फ्रान्समध्यें लेरॉय यानें १९२६ सालीं उंदरांवर दाखविलें. १९३२ सालीं अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत क्रूझ, ओरेंट व मॅक्कॉलम यांनीं तो प्रश्न अधिक कसोशीनें हातीं घेतला. मॅक्कॉलम हा जीवनसत्त्वांच्या शोधासाठीं नांवाजलेला. त्यांनीं घुशीच्या जातीच्या पांढऱ्या उंदरांना असें अन्न दिलें कीं, दहा लाख भागांत जेमतेम पावणेदोन भाग मॅग्नेशियम असावें. बाकी सर्व पोषण यथास्थित. पहिल्याच आठवड्यांत उंदरांचे कान लालबुंद झाले. रक्तवाहिन्या रुंदावून कान, पंजे व नाक अशीं सर्व उघडीं अंगें तांबडीं झालीं. नंतर ते चिडखोर झाले, जरा आवाज होतांच दचकून धांवूं लागले, आणि अखेर आंचके येऊन मेले. त्या लाल कानांचें वर्णन वाचतांना पित्ताच्या रोग्याला आपलीच ओळख पटावी.

कान लाल कां झाले, हें त्या वेळीं कळलें नाहीं. मॉंट्रियल येथें पिएर ब्वा व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६३ सालीं तें दाखविलें. मॅग्नेशियम तोडलेल्या उंदरांच्या मूत्रांत हिस्टामीनचें प्रमाण वाढतें आणि त्यांच्या मास्ट पेशींत फेरफार होतात. म्हणजे त्या कोठ्या उघडतात. पुढें १९८० सालीं फ्रेंच संशोधकांनीं केसरहित जातीच्या उंदरांत हाच प्रकार पाहून त्यास अ‍ॅलर्जीसारखा उद्रेक असें म्हटलें. यांत १९७३ सालच्या एका शोधाची भर घालावी. फोरमन, मोंगर व गॉम्पर्ट्स यांनीं असें दाखविलें कीं, मास्ट पेशींत कॅल्शियमचा प्रवेश झाला कीं ती आपलें हिस्टामीन बाहेर टाकते. मॅग्नेशियम तर कॅल्शियमचा पुष्कळ ठिकाणीं प्रतिस्पर्धी. शिरेंतून दिलेलें मॅग्नेशियम दम्याच्या झटक्यांत श्वासनलिका सैल करतें व इस्पितळांत त्याचा उपयोग होतो, तोही याच प्रतिस्पर्धेमुळें. तेव्हां साखळी पूर्ण झाली असें वाटतें : मॅग्नेशियम कमी, म्हणून कॅल्शियम मोकाट, म्हणून पेशी फुटते, गांधी उठते, म्हणून मॅग्नेशियम द्या. बाटली आणणाऱ्या शेजाऱ्याच्या पाठीमागें ही एवढी मोठी परंपरा उभी आहे, हें त्यालाही ठाऊक नसतें. त्याची चेष्टा करण्याचें मुळींच कारण नाहीं.

परंतु याच ठिकाणीं राइटची आठवण होते व पाऊल थबकतें. कॅल्शियमनें पेशी उघडते हें खरें असेल तर ज्या पिढीनें पित्तावर कॅल्शियम टोंचून घेतलें तिचें पित्त भडकावयास हवें होतें. तें तसें भडकल्याची ओरड कोणी केली नाहीं. उलट लोक बरे झाले व डॉक्टरांस दुवा देत घरीं गेले. ब्लॅकनें ज्या दोन भावंडांची ताटातूट केली तीं दोन्ही, परस्परविरुद्ध उपपत्तींच्या जोरावर, एकाच रोगावर गुणकारी ठरलीं आहेत. दोन्ही खरीं कशीं असतील? त्याचें उत्तर शरीराच्या हिशेबांत आहे. रक्तांतील कॅल्शियम शरीर अत्यंत काटेकोर मर्यादेंत राखतें. बाहेरून दिलेलें थोडेंफार त्या मर्यादेंत मुरून जातें. मॅग्नेशियमचेंही तसेंच. माणसाच्या देहांत तें सुमारें पंचवीस ग्रॅम असतें, त्यांतील निम्म्याहून अधिक हाडांत, आणि रक्तरसांत शेंकडा एकाहूनही कमी. तोंडानें घेतलेल्या गोळीतला कांहीं भागच आंतडीं शोषून घेतात व जास्त झालेलें निरोगी मूत्रपिंडें बाहेर टाकतात. उपाशी ठेवलेल्या पेशीस घांस मिळाला तर ती शांत होईल. पण पोट भरलेलीस आणखी घांस दिल्यानें ती अधिक शांत होते, असें त्या उंदरांनीं कोठेंही सांगितलेलें नाहीं.

आणि उंदीर तो उंदीर. न्यूयॉर्क येथें मॉरिस शिल्स यानें सातजणांस, त्यांच्या संमतीनें, मॅग्नेशियमरहित आहारावर ठेवून पाहिलें. त्याचा वृत्तान्त १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या माणसांस मळमळ झाली, हात कांपूं लागले, स्वभावांत फरक पडला, रक्तांतील कॅल्शियम व पोटॅशियम उतरलें. हीं सर्व लक्षणें मॅग्नेशियम परत देतांच गेलीं. परंतु त्या प्रमुख लक्षणांत गांधींना स्थान नाहीं. उंदराचा जो पहिला व ठळक विकार, तो माणसांत दिसलाच नाहीं.

मग भावजयीचें पित्त गेलें तें कशानें? येथें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेचा दाखला द्यावासा वाटतो. ओमालिझुमॅब नांवाचें नवें इंजेक्शन जीर्ण पित्तावर देऊन पाहण्यासाठीं ३२३ रोगी निवडले गेले. या सर्वांचें पित्त नेहमींच्या गोळ्यांस दाद देत नव्हतें. कांहींस औषध दिलें, कांहींस औषधविरहित इंजेक्शन, आणि कोणास काय दिलें तें रोगी वा डॉक्टर दोघांसही ठाऊक नव्हतें. खाजेची तीव्रता आठवड्याला एकवीस गुणांपर्यंत मोजीत. आरंभीं ती सुमारें चौदा होती. बारा आठवड्यांनीं भरपूर मात्रा मिळालेल्यांची खाज ९.८ गुणांनीं उतरली, आणि ज्यांस कांहींच मिळालें नव्हतें त्यांचीही ५.१ गुणांनीं! म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक खाज नुसत्या कालगतीनें व आशेनें गेली. माणूस नवा उपाय धरतो तो बहुधा दुखणें शिगेस पोंचलेलें असतांना. शिगेनंतर उतार हा यावयाचाच. त्या उताराचें श्रेय राइटच्या काळीं चुन्यानें घेतलें, आज मॅग्नेशियम घेतें. आमसुलाच्या कोळानेंही पुष्कळ घेतलें आहे. पण त्याचा गारवा क्षणभर तरी खरा असतो.

हें बोलून रोग्याच्या आशेवर पाणी ओतावें, असा उद्देश नाहीं. आशेपेक्षां अधिक जाचक गोष्ट या रोग्यांच्या वांट्यास आली आहे, ती म्हणजे दोषारोप. कारण सांपडत नाहीं म्हटल्यावर डॉक्टर, नातेवाईक व स्वतः रोगी असे सर्वजण कारण रोग्यांतच शोधतात. पथ्य पाळलें नसेल. स्वभाव चिंतातुर आहे. सुनेला माहेरची ओढ आहे! १९९३ सालीं लंडन येथें हिदे, ग्रीव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, जीर्ण पित्ताच्या कित्येक रोग्यांच्या रक्तांत त्यांच्या स्वतःच्याच मास्ट पेशींवर चाल करणारीं प्रतिद्रव्यें असतात. त्यांत ना खाण्याचा गुन्हा, ना मनाचा. ओमालिझुमॅबला २०१४ सालीं या रोगासाठीं मान्यता मिळाली. तें महाग आहे, हें मात्र खरें. आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेंतील पायऱ्या, झोंप न आणणारी हिस्टामीनविरोधी गोळी, गरज पडल्यास वैद्याच्या सल्ल्यानें तिची चौपटीपर्यंत वाढविलेली मात्रा, मग ओमालिझुमॅब व त्यापुढील औषधें, अशा आहेत. त्यांत मॅग्नेशियमचें नांव नाहीं.

यावरून मॅग्नेशियम कोणाच्याच कामाचें नाहीं, असें ठरत नाहीं. कांहीं माणसांत त्याची खरीच उणीव असते : जुनाट अतिसार असणारे, अति मद्यपान करणारे, मूत्रल औषधें घेणारे. आणि येथें पित्त या शब्दाचा घोटाळा पुन्हां डोकें वर काढतो. अंगावरच्या पित्तासाठीं आम्ल दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षें घेणाऱ्यांपैकीं कित्येकांचें मॅग्नेशियम त्या गोळ्यांनींच उतरूं शकतें. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०११ सालीं तशी सूचना काढली आहे. अशा माणसाची उणीव भरून काढणें हें त्याच्या प्रकृतीस सर्वस्वीं हितकर. पित्त त्यानें गेलें तर दुधांत साखर. एरवीं प्रौढ माणसाची दिवसाची गरज सुमारें तीनशें ते चारशें मिलिग्रॅम. ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरे, तीळ व हिरवा पाला खाणाऱ्या घरांत ती बहुतांशीं भागते. पानाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या गाभ्यांतच हें मूलद्रव्य बसलेलें असतें. गोळ्या जास्त झाल्या तर निरोग्यास जुलाब होतात, त्यांत एप्समच्या गुराख्याला कांहीं नवल वाटलें नसतें. ज्याचीं मूत्रपिंडें दुर्बळ आहेत त्यास मात्र त्या खरोखर धोक्याच्या आहेत. त्यानें शेजाऱ्याची बाटली डॉक्टरांस दाखविल्यावांचून उघडूं नये.

विलायती मिठाची खरी परीक्षा झालीच नाहीं, असेंही नाहीं. बाळंतपणाच्या सुमारास रक्तदाब चढून आंचके येण्याचा जो भयंकर प्रकार आहे, त्यावर हें मीठ टोंचण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या आरंभापासून होता, आणि त्यावरही उलटसुलट मतें होतीं. अखेर तेहेतीस देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर आंधळी परीक्षा करण्यात आली. २००२ सालीं निकाल लागला : मिठानें आंचक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. या परीक्षेस मुख्यतः ब्रिटिश सरकारी पैसा लागला. कारण ज्या मिठाचें पेटंट ग्रूच्या हातांत टिकलें नाहीं त्यासाठीं औषधाचा कोणता कारखानदार खर्च करणार? पित्ताच्या रोग्यांच्या वांट्यास अशी परीक्षा अद्याप आलेली नाहीं.